हवेतले लोकमत

लोकमत हा शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! लोकमत अमक्याच्या बाजूने आहे, लोकमत खवळले आहे, लोकमतापुढे सरकारला नमावे लागले. पण ही लोकमत नावाची वस्तू प्रत्यक्ष कोणी पाहिली आहे काय? ती राहते कोठे, आणि मोजायची झाली तर कोणत्या मापाने? आपल्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न फारसा छळत नसावा. गावचा पार, देवळाचा ओटा, न्हाव्याचे दुकान आणि नदीचा पाणवठा अशा चार ठिकाणी कान दिला की गावाचे मन कळत असे. शहरे फुगली तसा तो पार वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रांत आणि लोकलच्या डब्यात आला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तर तो आपल्या तळहातावरच्या फोनमध्येच येऊन बसला आहे. ट्विटर (ज्याला २०२३ पासून ‘एक्स’ म्हणतात), फेसबुक, यूट्यूबवरील चित्रफितींखालचे शेरे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे कुटुंबाचे नि सोसायटीचे गट, हे सारे ह्या नव्या पाराचेच ओटे.

जुन्या पारावर बोललेले वाऱ्यावर जाई. नव्या पारावर बोललेले लिहिलेले राहते, आणि त्यावर तारीख-वेळही असते. तेव्हा अभ्यासकांच्या मनात आले, की प्रश्नपत्रिका घेऊन दारोदार हिंडण्यापेक्षा लोक आपण होऊन जे लिहितात तेच गोळा करून मोजावे. आणि असे मोजायला हवेइतका सोयीचा विषय दुसरा कोणता? तिच्याविषयी राजापासून रंकापर्यंत सारेच बोलतात. पृथ्वीचे तापमान वाढते आहे, ऋतूंचे वेळापत्रक बिघडते आहे, ह्याबद्दल सामान्य माणसाला खरोखर काय वाटते हे जाणणे ही काही रिकामटेकडी चौकशी नव्हे. कोळसा किती जाळायचा, झाडे कोठे राखायची, पुरात बुडणाऱ्या वस्त्या कोठे हलवायच्या, हे निर्णय पुष्कळदा लोकांना काय पटले आहे त्यावर ठरतात. ज्यांचे मत मोजले जात नाही, त्यांचे दुःखही सहसा हिशेबात येत नाही.

मी मराठी शिकवते. हवामानशास्त्र माझा विषय नाही, आणि संख्याशास्त्राशी माझी ओळख केवळ नमस्कारापुरती. परंतु ह्या अभ्यासाचा कच्चा माल म्हणजे शब्द. आणि शब्दांच्या व्यवहारात भाषेच्या शिक्षकालाही दोन गोष्टी सांगता येतात, एवढ्याच अधिकारावर हा लेख लिहीत आहे.

एक कोटी पत्रांची गोष्ट

आधी एक जुनी गोष्ट. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या तेथील प्रसिद्ध साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या. त्यांची मोजदाद करून साप्ताहिकाने जाहीर केले, की रूझवेल्ट पडणार आणि लँडन निवडून येणार. प्रत्यक्षात ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये रूझवेल्ट ह्यांनी जिंकली! जॉर्ज गॅलप ह्या गृहस्थांनी त्या मानाने मूठभर माणसांना विचारले होते, पण त्यांचे भाकीत खरे ठरले.

डायजेस्टचे चुकले कोठे? त्यांनी पत्ते घेतले ते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या घरी टेलिफोन, दारी मोटार, त्याचेच मत पोहोचले. शिवाय पत्रिका आली म्हणून ती भरून परत धाडणारा माणूस हाही सर्वसाधारण माणूस नसतो. त्याला काही तरी आवर्जून सांगायचे असते. भाताची परीक्षा एका शितावरून होते हे खरे, पण त्यासाठी भांडे नीट ढवळलेले असावे लागते. वरवरची शिते कितीही मोजली तरी तळाचा भात शिजला की करपला हे कळत नाही.

शब्दांना गुण

आता आजच्या काळाकडे वळू. अमेरिकेतील व्हर्मांट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ‘आनंदमापक’ म्हणता येईल असे एक साधन तयार केले. सुमारे दहा हजार इंग्रजी शब्द घेऊन लोकांकडून प्रत्येकाला १ ते ९ गुण देवविले. हसू, प्रेम ह्यांना वरचे गुण. मरण, युद्ध ह्यांना खालचे. मग एखाद्या दिवशी लिहिल्या गेलेल्या मजकुराची सरासरी काढली, की त्या दिवशी लोकांचे मन किती प्रसन्न होते त्याचा अंदाज येतो. सप्टेंबर २००८ ते जुलै २०१४ ह्या काळात ज्या ट्वीटांमध्ये हवामानासाठीचा इंग्रजी शब्द ‘क्लायमेट’ आला, अशा पंधरा लाखांच्या आसपास ट्वीटांना हे माप लावून त्यांनी २०१५ साली निबंध प्रसिद्ध केला. चक्रीवादळासारखी आपत्ती आली की ह्या मजकुराची प्रसन्नता घसरे. हवामानासाठी मोर्चे-मेळावे निघाले की ती वर चढे. ‘न विचारता मिळालेला कौल’ अशा अर्थाचे वर्णन त्यांनी निबंधाच्या मथळ्यातच केले.

दुसरा अभ्यास २०१९ सालचा, आणि मला स्वतःला तो अधिक अस्वस्थ करणारा वाटतो. अमेरिकेत २०१४ ते २०१६ ह्या काळात लिहिलेली दोनशे कोटींहून अधिक ट्वीट तपासून फ्रान्सिस मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले : हवा किती बिघडली म्हणजे लोक तिच्याविषयी बोलू लागतात? उत्तर असे निघाले, की माणूस आजच्या हवेची तुलना आजोबांच्या काळाशी करीत नाही. गेल्या दोन ते आठ वर्षांशी करतो. चार-सहा उन्हाळे सलग कडक गेले की तेच त्याला नेहमीचे वाटू लागतात, आणि तो बोलायचा थांबतो. गंमत, छे, गंमत कसली, दुःखाची गोष्ट पुढेच आहे. त्याचे बोलणे थांबते, पण त्याच्या लिखाणातील त्रासिकपणा मात्र कमी होत नाही. उकाड्याने तो पूर्वीइतकाच गांजलेला असतो; फक्त तो उकाड्याला दोष देण्याचे सोडून देतो.

वाचकहो, ही आपल्या घरातलीच गोष्ट नाही का? पंखा पुरत नाही म्हणून कूलर आला, कूलर पुरत नाही म्हणून एसी आला, आणि “उन्हाळा म्हटला की असायचाच” हे वाक्य मात्र जागच्या जागी राहिले.

पारावर बोलतो कोण?

पारावर बसलेले सगळेच बोलत नाहीत, हे आपण जाणतो. एखादे तात्या असतात, ते सर्वांच्या वाटचे बोलतात. नव्या पारावरही तेच. अमेरिकेतील प्यू संस्थेने २०१९ साली दाखवून दिले, की ट्विटर वापरणाऱ्या तेथील प्रौढांपैकी १० टक्के लोकच ८० टक्के ट्वीट लिहितात. आणि तात्या निदान माणूस तरी असतात! १ जून २०१७ रोजी अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी पॅरिस करारातून अंग काढून घेण्याची घोषणा केली, त्या सुमारास झालेल्या चर्चेचा ब्राऊन विद्यापीठातील अभ्यासकांनी छडा लावला. बोलणाऱ्या खात्यांपैकी साडेनऊ टक्के खाती माणसांची नसून आपोआप लिहिणाऱ्या यंत्रांची असावीत असा त्यांचा अंदाज निघाला. आणि त्या यंत्रांनी लिहिलेला मजकूर होता एकूण मजकुराच्या चौथा हिस्सा. बोलक्या बाहुल्यांनी सभेत हात वर करावेत आणि सभापतींनी ते मोजावेत, तसा हा प्रकार.

त्यातून माणसे आपापल्या कोंडाळ्यात बसणारी. एक्झेटर विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात आढळले, की हवामानाविषयी बोलणारे बहुतेक जण आपल्यासारखेच मत असणाऱ्यांशी बोलतात. मात्र दोन्ही मतांचे लोक जेथे एकत्र येतात, तेथे मते इतकी टोकाची राहत नाहीत. पुढे २०१४ ते २०२१ ह्या काळातील जागतिक हवामान परिषदांच्या वेळचे बोलणे तपासले गेले, तेव्हा २०२१ च्या ग्लासगो परिषदेपाशी तट एकदम रुंदावलेला दिसला. आधीच्या परिषदांत तसे नव्हते.

मराठीत शोधायचे तर

हे सारे इंग्रजीतले झाले. आता कोणी म्हणाले, की महाराष्ट्राचे लोकमत असेच मोजू या, तर? पहिली पंचाईत शब्दाचीच. इंग्रजीत आजची हवा आणि दीर्घकाळची हवा ह्यांना दोन निराळे शब्द आहेत. आपण दोहोंना हवामान म्हणतो. यंत्राला “हवामान बदल शोध” म्हणून सांगावे, तर “हवामान बदलले की बाळाला सर्दी होते” हेही ते इमानाने आणून पुढ्यात टाकील. “वातावरण तापले” असे शोधावे, तर हाती निवडणूक लागेल. “हवा कोणाची?” ह्या प्रश्नाशी तर पावसापाण्याचा संबंधच नसतो!

उलट, ज्याला हवामानाविषयी खरोखर काही म्हणायचे आहे, तो हा शब्द वापरील असा नेम नाही. आपल्या भाषेने पावसाचा संसार मोठा मांडला आहे. वळीव निराळा, अवकाळी निराळा. झड निराळी, रिपरिप निराळी. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस. नाशिककडचा द्राक्षबागायतदार ढगाळ हवा, डावणी, भुरी आणि फवारणीचा खर्च ह्याविषयी लिहील. मराठवाड्यातला शेतकरी लिहील, की मृग कोरडा गेला आणि सोयाबीन काढायच्या वेळी वावरात पाणी साचले. दोघेही बदललेल्या हवेविषयीच बोलत असतात. पण ‘हवामान बदल’ हे दोन शब्द घेऊन शोधायला निघालेल्याला त्यांच्यापैकी एकही सापडत नाही.

मध्यंतरी अवकाळी पावसानंतर माझ्या वर्गातील मुलांना मी एक काम दिले. सर्वांना वाचायला खुला असलेला मराठी मजकूर जमवायचा, लिहिणाऱ्यांची नावे वगळायची आणि तीन गठ्ठे करायचे : हवा बदलते आहे असे मानणारे, न मानणारे, आणि सांगता न येणारे. तिसरा गठ्ठा बघता बघता फुगला. एका मजकुराचा आशय असा, की झाडे तोडा, डोंगर फोडा, आणि मग पावसाला नावे ठेवा. एका मुलीने विचारले, “मॅडम, ह्यात हवामान बदल हा शब्दच नाही. बाजूला काढू?” तिच्या शेजारी बीडकडची एक मुलगी बसते. ती पटकन म्हणाली, “अगं, शब्द नसंल, पण म्हणणं सगळं तेच आहे की!” दुसऱ्या एकाने लिहिले होते, की कलियुग आहे, पाऊसही आपला धर्म विसरला. हा माणूस कोणत्या गठ्ठ्यात घालायचा? हवा बदलली हे त्याला मान्य आहे. माणसामुळे बदलली हेही त्याला मान्य आहे. फक्त धुराड्यांच्या जागी तो पाप ठेवतो. ह्यावर तास संपेपर्यंत वाद झाला, आणि तो अगदी भाषेच्या तासाला शोभेलसा झाला.

मग उपरोध! “वा, दिवाळीत छत्री घेऊन फराळ वाटायचा योग आला, धन्य ती प्रगती!” असे कोणी लिहिले, तर माणसाला त्यातला कडवटपणा तत्काळ कळतो. शब्दांना गुण देणाऱ्या यंत्राला मात्र वा, दिवाळी, फराळ, योग, धन्य, प्रगती असे एकाहून एक गोड शब्द दिसतात. यंत्रांना मराठी शिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ ह्या गटाने २०२१ साली सुमारे १६ हजार मराठी ट्वीटांची अनुकूल, प्रतिकूल आणि तटस्थ अशी वर्गवारी करून तो संच अभ्यासकांना खुला केला. हे काम मोलाचे आहे, ह्यात शंका नाही. पण ती ट्वीट मुख्यतः महाराष्ट्रातील नामांकित व्यक्तींच्या खात्यांवरून घेतलेली होती. नामांकितांची मराठी शिकलेल्या यंत्राला बांधावरची मराठी कळायला आणखी पुष्कळ शिकावे लागेल.

आणि मते तरी सरळ दोन बाजूंची असतात थोडीच! ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरे येथील मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडण्यात आली, तेव्हा ‘आरे वाचवा’ ह्या खुणेखाली लिखाणाचा पूर आला. त्यावर मेट्रोची बाजू घेणारे म्हणत, की मेट्रो झाली म्हणजे मोटारींचा धूर कमी होईल. पर्यावरणाची शपथ दोघांनीही वाहिलेली. यंत्राने त्यांना अनुकूल म्हणावे की प्रतिकूल?

ज्यांना शब्द ठाऊक नाही

ह्या संदर्भात एक आकडा मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील येल विद्यापीठ आणि भारतातील सी-व्होटर ह्यांनी ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२ ह्या काळात साडेचार हजारांहून अधिक भारतीय प्रौढांची पाहणी केली. जागतिक तापमानवाढीविषयी आपल्याला अगदी थोडे ठाऊक आहे किंवा आपण ते नावही ऐकलेले नाही, असे ५४ टक्के लोक म्हणाले. परंतु तापमानवाढ म्हणजे काय हे दोन वाक्यांत समजावून सांगितल्यावर ८४ टक्के लोकांनी सांगितले, की होय, असे घडते आहे.

ह्याचा अर्थ काय? नाव ठाऊक नव्हते, पण अनुभव पदरी होता. नावावरून शोधणारा अभ्यास ह्या अनुभवाला मुकतो. हीच ती १९३६ ची टेलिफोनची यादी! त्या वेळी टेलिफोन नसलेला सुटला. आज शब्द नसलेला सुटतो. शेतात राबणारी, विटभट्टीवर उन्हात उभी राहणारी, हंडा घेऊन टँकरपाशी ताटकळणारी बाई ट्वीट लिहीत नाही. उन्हाची झळ तिला सर्वांत आधी लागते, आणि मोजणीत तिचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो.

म्हणून समाजमाध्यमांवरील अभ्यास निरुपयोगी, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पूर आला त्या तासाला लोक काय म्हणत होते, एखादी अफवा कोठून निघाली आणि कशी पसरली, हे सहा महिन्यांनी दारी आलेल्या प्रश्नपत्रिकेला कधीच कळायचे नाही. तो थर्मामीटर आहे. ताप चढला-उतरला हे तो चटकन सांगतो. रोग कोणता आणि कोणाकोणाला झाला, हे ठरवायला मात्र माणसापाशी जाऊन बसावे लागते. दोन्ही अभ्यास जोडीने चालले तरच चित्र पुरे होते.

दुर्दैवाने हा थर्मामीटर आता अभ्यासकांच्या हातून सुटत चालला आहे. ट्विटरने संशोधकांना दिलेली विनामूल्य मुभा २०२३ साली बंद केली. फेसबुकवरचा सार्वजनिक मजकूर पाहण्याचे ‘क्राऊडटँगल’ हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळण्यात आले. आणि आपल्याकडचे खरे बोलणे चालते ते व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद दारांआड. तेथे डोकावणे शक्य नाही, आणि खरे सांगायचे तर ते योग्यही नाही. घरातल्या गप्पा घरातल्याच असाव्यात.

मत आणि माप

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. हवा बदलते आहे की नाही, हे बहुमताने ठरत नसते. मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ ह्या काळात तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल ह्यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखविले, ते पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून. आपण थोडा जोराचा पाऊस झाला की ढगफुटी म्हणून मोकळे होतो. हवामान खात्याच्या लेखी तासाभरात १०० मिलिमीटर पडला तर ती ढगफुटी. मत ते मत, माप ते माप. मताचा अभ्यास करायचा तो अशासाठी, की मापाने जे सिद्ध झाले ते लोकांपर्यंत पोहोचले काय, आणि त्यांनी भोगलेले शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले काय, हे कळावे.

नव्या पाराची स्मृती तरी केवढी? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईकर तो दिवस जन्मात विसरणार नाहीत. पण ट्विटर निघाले २००६ साली आणि व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली! त्या रात्री गुडघाभर पाण्यातून घरी चालत आलेल्या हजारो माणसांचे बोलणे ह्या चोपडीत नाहीच. १९७२ च्या दुष्काळाची तर गोष्टच सोडा. ते सारे आहे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी.

दिवाळीत घरोघर तीन पिढ्या एकत्र बसतात. फराळाच्या ताटाभोवती पावसाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. कोणी तरी म्हणतेच, “पूर्वी असे नव्हते.” आणि कोणी तरी तत्काळ उत्तर देते, “दर वर्षी असेच असते.” त्या वेळी घरातल्या मुलाच्या हाती एक साधी वही द्यावी. पूर्वी म्हणजे कोणत्या साली, विहिरीला पाणी कोठवर असे, थंडी कोणत्या महिन्यात पडे, आंब्याला मोहोर कधी येई, हे आजीआजोबांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, आणि खाली यंदाच्या वर्षाची चार वाक्ये घालावीत. ‘हवामान बदल’ हा शब्द वापरलाच पाहिजे असे नाही. दोन ते आठ वर्षांत विसरणे हा मनाचा धर्म आहे. वहीला तो लागू नाही.